दुसरा हप्ता

भोपाळहून दुसरा हप्ता यायचा होता सप्टेंबरात.
माझ्या घरच्या मराठीत हप्ता म्हणजे पैसे,
बाहेर लश्करात हफ्ता म्हणजे आठवडा.
मी म्हणायचे, दुसरा हप्ता येतोय,
रामदेही बोटं मोडून दुसरा आठवडा मोजायची.
असे सव्वीस झाले.

गोळ्या सरकार देतं. फुकट.
कंपूतल्या मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर
पांढरी डबी मिळते, महिन्याच्या महिन्याला.
त्यात खंड नाही, खोटं कशाला बोलू.
पण भितरवारहून त्या खिडकीपर्यंतची बस,
बस चुकली तर टेम्पो,
टेम्पोतून उतरल्यावर पाय मागे फिरू नयेत म्हणून
सोबत चालणारं कुणीतरी,
हे सगळं येतं ‘साहाय्य’ या सदरात.
आणि त्या सदरात ऑक्टोबरपासून
मी रोज सकाळी शून्य लिहिते.

रामदेही ते सोबत चालणारं कुणीतरी.
ट्रक विकला, नवरा गेला, दिराने खोली घेतली,
हे ती बसचे थांबे सांगावेत तसं सांगते.
स्वतःची गोळी रात्री नऊला, शेजारच्या टीव्हीवर बातम्या लागल्या की.
तिच्या वहीत नावं नाहीत.
नावं लिहायची नाहीत असा नियम आहे
आणि तिला लिहिता येत नाही.
नियमाचं आणि माणसाचं इतकं जमलेलं
मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

ती चित्रं काढते.
पतंग, म्हणजे हजिऱ्याचा मांजा सुतणारा पोरगा.
शिलाई मशीन, म्हणजे नवराबायको दोघं, चित्र एकच.
बकरी, म्हणजे मुरारपलीकडची ती,
जिच्या दारात बकरी बांधलेली असते.

ऑडिटला निगमसाहेब आले.
चहा बशीत ओतता ओतता थांबले.
“बकरी, चाळीस रुपये? बकरीला टेम्पो?”
हसले. मीही हसले, नोकरी आहे.
मग त्यांनी आक्षेप क्रमांक सात लिहिला.
उत्तरात मी बकरीला लाभार्थी केलं.

तीस मार्च, संध्याकाळी पाच चाळीसला
फोन थरथरला. रक्कम जमा.
मागोमाग पत्र: एकतीसपर्यंत खर्च करावा,
अखर्चित रक्कम परत पाठवावी.
रामदेहीचं मानधन दिलं, वीजबिल भरलं,
फोटोकॉपीवाल्याची उधारी फेडली,
तो म्हणाला, मॅडम, मी तर सोडून दिली होती.
आणि तरी उरले.
गेलेल्या बसचं तिकीट आज काढता येत नाही.
मी दिवसभर कॅल्क्युलेटर घेऊन बसले,
रात्री साडेदहाला शिल्लक परत पाठवली.
उपयोगिता प्रमाणपत्रावर सही केली, परचुरे,
नेहमीपेक्षा जरा लहान.

एक एप्रिलला रामदेही आली ती वही उघडूनच.
बकरी जानेवारीपासून खिडकीवर आली नाही.
ही दोनदा जाऊन आली, पायी.
दाराला कुलूप.
मी गप्प. ती म्हणाली, बकरी पण नाही दारात.
मला कळेना यात बरं काय.
“मेलेलं माणूस बकरी घेऊन जात नाही, मॅडम.
कुठेतरी माहेरी असेल. डबरा म्हणत होती एकदा.
चाळीस द्या.”

नव्या वर्षाचं सदर अजून उघडलं नव्हतं.
पर्समधून पन्नास काढले, दहा तिने परत केले,
खळखळ न करता, नाणी मोजून.
याचं व्हाउचर नाही, निगमसाहेब,
तुम्ही आठवा आक्षेप लिहून ठेवा.

जायच्या आधी तिने माझंच पेन मागितलं.
बकरीच्या पुढे एक कुलूप काढलं,
जीभ दातांत धरून, सावकाश.
मग वही मिटता मिटता थांबली,
पुन्हा उघडली,
आणि कुलपाला किल्लीचं भोक काढलं.